पॅसेज हातात आहे, सीट कशी मिळवायची? निवृत्त विमान कर्मचाऱ्यांसाठी सबलोडचा हिशेब

सबलोडच्या तिकिटावर नाव असतं, नंबर असतो, मार्ग असतो. फक्त सीट नसते; पैसे भरलेले प्रवासी बसून एखादी उरली तरच मिळते. पॅसेज, म्हणजे कंपनीनं कर्मचाऱ्यांना दिलेला फुकट किंवा सवलतीचा प्रवास, बहुधा असाच असतो. नोकरीत असताना हे आपल्याला सांगावं लागत नाही. निवृत्त झाल्यावर मात्र भली भली माणसं तिकीट हातात पडलं की मुलीला फोन करून मोकळी होतात, "गुरुवारी सकाळी पोचतोय, घ्यायला ये." मग गुरुवारी सकाळी ती तिकडे आणि हे इकडे मुंबईत सहारच्या विमानतळावर बॅगांवर बसलेले.

मी एअर इंडियाच्या ट्रॅफिकमध्ये होते. आधी चेक-इन, मग गेट, आणि नोकरीची शेवटची वर्षं लोड कंट्रोलमध्ये, म्हणजे विमानाच्या वजनाच्या हिशेबावर. सबलोडची यादी मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पुष्कळ वर्षं पाहिली, आता बाहेरच्या बाजूनं पाहते. आमच्याकडे नुकत्याच निवृत्त झालेल्या मंडळींचे फोन येतात आणि तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. किती सेवेला वर्षाला किती पॅसेज, कुठल्या क्लासचे, हे आकडे इथे देत नाही. ते कंपनीगणिक वेगळे असतात आणि बदलतात. तुमच्या ताज्या सर्क्युलरमध्ये असतील तेच खरे.

पहिली गोष्ट: पॅसेज म्हणजे पेन्शन नाही

प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीच्या मागे कायदा उभा आहे. पॅसेजच्या मागे कंपनीचं धोरण उभं आहे, आणि कंपनी उभी असेल तोवरच ते उभं. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, जेट एअरवेजचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 ला उडालं, गो फर्स्ट मे 2023 मध्ये थांबली. कंपनीची विमानंच उडत नसतील तर पॅसेज कशावर वापरणार?

आमची एअर इंडिया 27 जानेवारी 2022 ला टाटांकडे परत गेली. विक्रीच्या वेळी सरकारनं पॅसेजबद्दल सांगितलं ते एवढंच, की ते विमान उद्योगाच्या प्रथेप्रमाणे मिळतील. प्रथा म्हटलं की ती बदलू शकते, हे गृहीत धरायचं. त्यानंतर 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. 2007 मध्ये इंडियन एअरलाइन्सबरोबरचं विलीनीकरण ज्यांनी आतून पाहिलंय त्यांना माहीत आहे, दोन कंपन्या एक झाल्या की सीनियॉरिटीपासून पॅसेजपर्यंत सगळ्याची फेरमांडणी होते.

यातून मी काढलेला अर्थ सोपा आहे. लांबचे प्रवास निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत उरका. तेव्हा नियम ओळखीचे असतात, गुडघे साथ देतात आणि रात्रभर विमानतळावर बसायची तयारी असते. पंच्याहत्तरीला न्यूयॉर्कचा सबलोड मी कुणालाच सुचवणार नाही.

निवृत्तीच्या आधी, टेबलावर बसून करायची कामं

नाव. सर्व्हिस रेकॉर्डवरचं, पासपोर्टवरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते बघा. आपल्याकडे हा घोळ घराघरात आहे. रेकॉर्डवर नाव आणि आडनाव, पासपोर्टवर मध्ये नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, बायकांच्या बाबतीत कुठेतरी अजून माहेरचं आडनाव. तिकीट पासपोर्टप्रमाणे हवं आणि सिस्टिम रेकॉर्डप्रमाणे काढते. नोकरीत असताना ही दुरुस्ती एका अर्जात होते. नंतर तेच काम करायला कुणाला भेटायचं हे शोधण्यातच महिना जातो.

कुटुंबाची नोंद. कोण पात्र आहे, कोण नाही, मुलांची वयाची किंवा लग्नाची अट काय, हे वाचून घ्या. आणि सर्क्युलरमधला एक परिच्छेद नवरा-बायकोनं शेजारी बसून वाचा: कर्मचारी गेल्यावर जोडीदाराला काय मिळतं आणि त्यासाठी कुठली कागदपत्रं लागतात. कितीतरी घरांत नवऱ्याचा स्टाफ नंबरसुद्धा बायकोला माहीत नसतो. एका वहीत स्टाफ नंबर, रुजू झाल्याची तारीख, निवृत्तीची तारीख, पोर्टलचा लॉगिन लिहून ठेवा आणि वही कुठे आहे ते घरात सांगा.

ईमेल आणि मोबाइल. कंपनीचा ईमेल निवृत्तीनंतर बंद होतो. त्याआधी स्वतःचा ईमेल आणि मोबाइल नंबर पोर्टलवर नोंदवा. यातला मोबाइल फार महत्त्वाचा, कारण ओटीपी त्यावर येतो. तुम्ही लेकीकडे अमेरिकेत एडिसनला आहात, भारतातलं सिम इथेच कपाटात आहे, आणि परतीचं लिस्टिंग करायला, म्हणजे त्या विमानाच्या सबलोड यादीत नाव घालायला, ओटीपी हवाय. मग करा काय करायचं ते. सिम बरोबर न्या आणि त्यावर परदेशात एसएमएस येतात याची निघण्यापूर्वी खात्री करा.

निवृत्त कर्मचाऱ्याचं ओळखपत्र घ्या. दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर तेच चालतं. जुनं सर्व्हिस कार्ड दाखवू नका.

बातम्या कुठून घ्यायच्या

निवृत्तांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मलाही हवेसे वाटतात. कुणाचा वाढदिवस, कुणाचं ऑपरेशन, जुन्या बोइंग 747 चे फोटो, सगळं तिथेच कळतं. पण पॅसेजची बातमी तिथून घेऊ नका. ज्या मेसेजला तारीख नाही, सर्क्युलर नंबर नाही आणि खाली "सर्वांना पाठवा" असं आहे तो वाचून सोडून द्या. कंपनीचं पोर्टल महिन्यातून एकदा उघडायचं आणि निवृत्तांच्या संघटनेची वर्गणी भरायची, एवढं पुरतं. संघटनेत सहसा एक तरी सदस्य असा असतो जो प्रत्येक सर्क्युलर शब्दन् शब्द वाचतो. तो कोण आहे ते हेरून ठेवा.

सर्क्युलर वाचण्याचा कंटाळा महागात पडतो, कारण मुदती त्यातच असतात. एअर इंडियाच्या पात्र निवृत्तांची वैद्यकीय सोय विक्रीनंतर सीजीएचएसकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेकडे गेली. असल्या बदलात अर्ज कधी, कुठे आणि कुठल्या कागदांसह करायचा हे कुणी घरी येऊन सांगत नाही. पेन्शनचंही तसंच. ईपीएस-95 या प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शन योजनेचा हयातीचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो. सहा महिने परदेशी जाणार असाल तर निघण्याआधी नवा देऊन टाका.

तारीख कशी निवडायची

सबलोडचं निम्मं यश तारखेत आहे. एकच नियम: गर्दी ज्या दिशेला जाते त्याच्या उलट जायचं.

गोव्याचंच घ्या. नाताळपासून 31 डिसेंबरपर्यंत मुंबईहून गोव्याला सबलोड म्हणजे वेळेचा अपव्यय. पण 2 जानेवारीला गोव्याहून येणारं विमान ठासून भरलेलं असतं आणि जाणारं रिकामं. तेव्हा जा, पाच-सहा दिवस राहा आणि आठवड्याच्या मधल्या वारी परत या. गणपतीच्या आधी कोकणाकडे आणि गौरी-विसर्जनानंतर मुंबईकडे हेच गणित लावा.

पितृपंधरवडा मला फार आवडतो. लग्नं नाहीत, मुहूर्त नाहीत, लोक खरेदीसुद्धा टाळतात. देशातल्या विमानांना त्या पंधरा दिवसांत दम घ्यायला मिळतो आणि सबलोडवाल्यांना सीट. घरातलं श्राद्ध कुठल्या तिथीला आहे ते बघा आणि बाकीचे दिवस वापरा. तसाच लक्ष्मीपूजनाचा दिवस. दोन दिवस आधी पाय ठेवायला जागा नसते, पण त्या संध्याकाळी ज्याला त्याला घरी पोचायचं असतं किंवा तो पोचलेला असतो.

अमेरिकेचं वेळापत्रक वेगळं. एप्रिल-मेमध्ये आई-वडील मुलांकडे निघतात. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात विद्यार्थी निघतात, कारण तिकडचं शैक्षणिक वर्ष सुरू होतं. एप्रिलमध्ये गेलेले आई-वडील सहा महिन्यांची मुदत संपत आली की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत फिरतात. डिसेंबरात तिकडची मुलं लग्नांसाठी इकडे येतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परततात. जायला जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी बरा. थंडी आहे, मान्य, पण सीटही आहे. आखाताकडे जाताना ईदच्या आसपासचे दिवस आणि तिथल्या शाळांच्या सुट्टीतले जून ते ऑगस्ट टाळा.

वाराचं म्हणाल तर मुंबई-दिल्लीसारख्या धंद्याच्या मार्गावर शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ सोडून द्या. मंगळवार, बुधवार आणि शनिवारची दुपार चांगली. दिवसातलं पहिलं विमान पकडायला जा. ते गेलं तरी पुढची असतात. शेवटच्या विमानाच्या भरवशावर राहिलात तर त्यानंतर फक्त टॅक्सी असते.

आणि तारीख ठरवताना आजूबाजूच्या बातम्याही बघा. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्याच्या आधी एक दिवस आणि नंतर एक दिवस देखभालीसाठी काही तास पूर्ण बंद असतात. तारीख आधी जाहीर होते, त्या दिवशी घरी बसा. दिल्लीला डिसेंबरअखेर ते जानेवारी धुकं. एका रद्द झालेल्या विमानाचे प्रवासी पुढच्या विमानांत भरले जातात आणि आपली यादी जागच्या जागी गारठते. दुसऱ्याच्या घरची आगसुद्धा आपल्याला लागते: डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा बाकी सगळ्या कंपन्यांची विमानं भरून गेली. अशा वेळी फोन करून "लोड काय आहे?" विचारण्यातही अर्थ नसतो.

सीट रिकामी आणि तरी बोर्डिंग नाही

इथे जरा थांबते, कारण हा माझ्या कामाचा भाग आहे आणि गेटवर सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. "मॅडम, आत वीस सीट रिकाम्या आहेत, मी माझ्या डोळ्यांनी चार्ट बघितला." बघितला असेल. पण विमान सीटवर उडत नाही, वजनावर उडतं.

लोड कंट्रोलला बसलेला माणूस प्रत्येक उड्डाणाचा हिशेब मांडतो. विमानाचं स्वतःचं वजन, क्रू, खाणं-पिणं, प्रवासी, त्यांचं सामान, कार्गो आणि शेवटी इंधन. या बेरजेला त्या दिवशी त्या धावपट्टीवरून उडताना किती परवानगी आहे याची मर्यादा असते. हवा तापली की ती पातळ होते, पंखांना कमी आधार मिळतो, मर्यादा खाली येते. लांबच्या प्रवासात समोरून वारा असला की इंधन जास्त लागतं. इंधन वाढलं की माणसं किंवा माल कमी करावा लागतो. पहिलं नाव सबलोडवाल्याचं, हे वेगळं सांगायला नको.

हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना वरच्या थरातला वारा जोरात समोरून येतो, म्हणून लंडन-न्यूयॉर्कच्या दिशेनं जाताना हा त्रास जास्त. त्यात 24 एप्रिल 2025 ला पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारा मार्ग लांबला, काही उड्डाणांना मध्ये व्हिएन्नाला उतरून इंधन घ्यावं लागलं, आणि दिल्ली-वॉशिंग्टन सेवा तर एअर इंडियानं 1 सप्टेंबर 2025 पासून थांबवली. तिथे मार्गाच्या जोडीला विमानांचा तुटवडाही होता. मार्ग लांबला की जास्तीचं इंधन, जास्तीचं इंधन म्हणजे कमी माणसं. तेव्हा बातम्यांत हवाई हद्द हा शब्द दिसला की सबलोडवाल्यानं कान टवकारायचे.

लेह हे याचं उत्तम उदाहरण. विमानतळ सव्वातीन हजार मीटर उंचीवर, हवा मुळातच विरळ. म्हणून उड्डाणं बहुतेक सकाळी. तिथे उतरताना वजनाची अडचण कमी, उडताना जास्त. त्यामुळे जायला सीट मिळाली याचा आनंद परतीपर्यंत जपून ठेवा. जून-जुलैत लेहहून सबलोडवर निघायचं असेल तर हाताशी मोकळे दिवस हवेत.

आणि कार्गो. पैसे भरून आलेला माल आपल्या आधी जातो. एप्रिल-मेमध्ये मुंबईहून लंडनला आणि आखातात आंब्याच्या पेट्या जातात. हापूस नाशवंत, त्याला थांबवता येत नाही. निवृत्त कर्मचारी थांबू शकतो. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही, यादीतला क्रमच तसा आहे.

म्हणून लोड विचारताना फक्त "सीट किती?" असं विचारू नका. "पेलोडचा प्रॉब्लेम आहे का?", म्हणजे माणसं आणि मालाचं वजन कमी करावं लागतंय का, असं विचारा. विचारणारा आपल्यातला आहे हे समोरच्याला कळतं आणि उत्तरही नीट मिळतं.

प्रत्यक्ष दिवशी

तिकीट काढणं आणि लिस्टिंग करणं ही दोन वेगळी कामं आहेत. तिकीट आहे पण त्या विमानावर लिस्टिंग नाही, तर काउंटरला तुम्ही दिसतच नाही. ऑफलोड झालात, म्हणजे सीट न मिळून मागे राहिलात, तर पुढच्या विमानावर पुन्हा लिस्टिंग करायचं. ते आपोआप पुढे सरकतं असं समजू नका.

यादीतला क्रम कंपनी ठरवते. कुठे रुजू झाल्याच्या तारखेवरून, कुठे काउंटरला आधी येणाऱ्याला आधी. नोकरीत असलेले बहुतेक ठिकाणी निवृत्तांच्या पुढे असतात. "मी तीस वर्षं सर्व्हिस केली" या वाक्याचा यादीवर परिणाम होत नाही. काउंटरवरच्या मुलीच्या चेहऱ्यावर तेवढा होतो. ती बिचारी त्या वेळी जादा सामान, हरवलेलं आधार कार्ड आणि रडणारं बाळ असं तिन्ही सांभाळत असते. वेळेत या, नाव नोंदवा, ओळखपत्र दाखवा, आणि तिला दिसेल पण तिच्या डोक्यावर येणार नाही अशा जागी बसा. नाव काउंटर बंद झाल्यावर पुकारतात. चहा प्यायला लांब जायची हीच वेळ चुकीची.

सामान शक्यतो हातातलंच. चेक-इन बॅग असली की शेवटच्या दहा मिनिटांत ती खाली पोचवायला माणूस लागतो, आणि बॅगवाल्यापेक्षा बिनबॅगवाल्याला आत घेणं सोपं पडतं. डबा घ्या: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी. जेवणाची मोजणी आधी झालेली असते, तुमच्या आवडीचं उरेलच असं नाही. लोणचं मात्र हातात नको, सिक्युरिटीला अडकतं. आणि ज्यांना नातवंडांसाठी सुकं खोबरं न्यायची हौस आहे त्यांनी ते चेक-इन बॅगेत घालू नये; त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं म्हणून त्याला मनाई आहे.

दोघं जाताय? मग एक गोष्ट घरीच ठरवा. एकच सीट निघाली तर काय? गेटवर, माणसं बघत असताना, "तू जा", "नाही, तुम्ही जा" हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की त्यात कोण कधी काय म्हणणार तेही मला सांगता येतं. तोवर सीट तिसऱ्याच कुणाला जाते. कोण पुढे जाणार ते ठरवा, काउंटरला आधी सांगा, आणि दोघांच्या पिशव्यांत आपापला पासपोर्ट, आपापली औषधं, थोडे पैसे आणि घराच्या चाव्यांचा एकेक संच असू द्या. नाहीतर नवरा दिल्लीत आणि रक्तदाबाच्या गोळ्या हवेत.

व्हीलचेअर लागत असेल तर लिस्टिंगच्या वेळीच सांगा. शेवटच्या क्षणी नाव पुकारलं आणि मुंबईच्या टी-टूच्या (टर्मिनल 2) दुसऱ्या टोकाला गेट असलं की ते अंतर सत्तरीच्या माणसानं धावत गाठायचं नसतं.

कपडे नीटनेटके. साडी, सलवार-कमीज, साधी पँट-शर्ट, बंद चपला किंवा बूट. बिझनेसमध्ये बसवलं तर शेजारच्याला आपलं तिकीट किती रुपयांचं हे सांगायचं नाही. त्यानं लाखभर मोजलेले असतात. आणि बसल्यावरही कधी कधी उतरवतात. उशिरा आलेला पैसे भरलेला प्रवासी, ऐनवेळचं वजनाचं गणित, काहीही कारण असेल. उतरायचं. वाद घालणाऱ्याचं नाव रिपोर्टात जातं आणि पॅसेज थांबू शकतो. नात्यागोत्यातल्या कुणाला आपल्या नावावर पाठवण्याबद्दलही तेच. मेव्हण्याच्या साडूला एकदा खूश करण्यात आयुष्यभराची सवलत घालवू नये.

दुसऱ्या कंपनीच्या विमानानं

आपल्या कंपनीचा ज्या कंपन्यांशी करार आहे त्यांच्यावर झेड भाड्यानं, म्हणजे कंपन्यांनी एकमेकांच्या कर्मचाऱ्यांसाठी ठरवलेल्या सवलतीच्या दरानं जाता येतं. ही भाडी अंतराच्या टप्प्यांवर ठरतात आणि त्यात लो, मीडियम, हाय अशा पातळ्या आहेत. कुठली लागू होते ते करारावर. भाडं दर सेक्टरला, म्हणजे दर उड्डाणाला, वेगळं लागतं, म्हणून मध्ये बदलून जाण्यापेक्षा थेट विमान स्वस्तही पडतं आणि अडकण्याची एक जागा कमी होते. एअर इंडिया 11 जुलै 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, पण अलायन्स आणि स्टाफ तिकिटाचा करार या निराळ्या गोष्टी आहेत. करारांची यादी वेगळी बघा.

बऱ्याच कंपन्या लिस्टिंगसाठी मायआयडीट्रॅव्हल ही वेबसाइट वापरतात. त्यात विमानापुढे हसरा, सरळ किंवा रडका चेहरा दिसतो. हसऱ्या चेहऱ्यावर विसंबून टॅक्सी बोलावू नका. निघण्याआधी पुन्हा बघा. दुसऱ्या कंपनीवर तिचे स्वतःचे कर्मचारी आधी, मग आपण. माइल्स जमा होत नाहीत, लाउंज सहसा नसतो. उड्डाण रद्द झालं तर युरोपातला नुकसानभरपाईचा नियमही आपल्याला लागू नाही. सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटांना तो स्पष्टपणे वगळतो.

"फुकट" पॅसेजवरही कर आणि विमानतळाची शुल्कं भरावी लागतात. ब्रिटनचा प्रवासी कर तिथून निघताना लागतो, पोचताना नाही, आणि वरच्या क्लासला जास्त लागतो. लंडनला उतरून परत पॅरिसहून यायचा बेत जमत असेल तर हिशेब करून बघा.

व्हिसाचं मात्र काटेकोर हवं. मध्ये जिथे अडकू शकता त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम आधी तपासा. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) परतीचं बुकिंग आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. सबलोडचं लिस्टिंग बुकिंग म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे रद्द करता येईल असं बुकिंग करून अर्ज द्या. विमा ठरलेल्या परतीच्या तारखेपेक्षा आठवडाभर पुढचा घ्या आणि औषधंही आठवडाभर जास्त. परतताना चार दिवस लांबले आणि विमा संपलेला, ही वेळ या वयात नको. व्हिसाची मुदत शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका, हे ओघानंच आलं.

पर्यायी रस्ता आधीच काढून ठेवा

देशात सबलोडवर जाताना रेल्वेचं आरक्षण हाताशी ठेवते. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, तरी रद्द करण्याचे पैसे हॉटेलच्या एका रात्रीपेक्षा कमीच. गोव्याला कोकण रेल्वे आहे. शिवाय तिथे आता दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि जानेवारी 2023 मध्ये सुरू झालेलं मोपा. एकीकडे जमलं नाही तर दुसरीकडे जाता येतं, फक्त मधले दोन तास धरा. मुंबईकरांना 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही मिळाला आहे. पण सहारला ऑफलोड होऊन त्याच दुपारी तिकडचं विमान गाठायचा बेत करू नका. सायन-पनवेल रस्ता सबलोड मानत नाही. नागपूरकरांना समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण खुला आहे, रात्रीची बस हा वाईट पर्याय नाही.

परदेशातून परतताना क्रेडिट कार्डावर एका पूर्ण भाड्याच्या एकेरी तिकिटाची मर्यादा शिल्लक हवी. ती वापरावी लागू नये, पण ती आहे म्हणून तिसऱ्या रात्रीही माणूस शांत झोपतो.

आणि काही प्रवासांना सबलोड वापरूच नये. सख्ख्या भाचीचं लग्न, व्हिसाची मुलाखत, हॉस्पिटलमधली तारीख, लेकीचं बाळंतपण. सरळ तिकीट विकत घ्या, तेही महिना-दोन महिने आधी. आयुष्यभर सवलतीच्या तिकिटावर फिरलेल्यांना पूर्ण भाडं द्यायचं जिवावर येतं, मला ठाऊक आहे, आमच्या घरातही हा वाद होतो. पण कन्फर्म तिकिटावरच्या प्रवाशाला काउंटर बंद होईपर्यंत निवांत चहा पिता येतो.

बेत बदलला तर लिस्टिंग रद्द करा. तुमच्या मागे उभ्या असलेल्याला ती जागा यादीत दिसू दे. न वापरलेल्या सवलतीच्या तिकिटाचा परतावा ज्या कंपनीनं तिकीट दिलं तिच्याकडून मागायचा, आणि तिकिटाची मुदत संपण्याआधी. परतीचा सेक्टर वापरला नसेल तर त्याचेही कर परत मागा. रक्कम लहान असते म्हणून बरेच जण सोडून देतात. मी सोडत नाही.